फीत, हम आणि संगणक : विद्युत्‌संगीताच्या अस्सल साधनांचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

अस्सल कागद कोणता, नक्कल कोणती आणि नकलेत लेखकाचा हात कोठे फिरला, हे ओळखण्याची शिस्त खानदेशातील इतिहासाभ्यासकास नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही शिस्त महाराष्ट्रात रुजत गेली. राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरीस धुळे येथे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरात उभे राहिले. शाई, कागद, वळण, शिक्का व कालोल्लेख या पाच गोष्टी पाहिल्याविना कागदावर विश्वास ठेवू नये, हा संस्कार धुळे, अमळनेर व जळगाव या परिसरातील अभ्यासकांच्या अंगवळणी पडलेला आहे.

कागदाविषयी इतका सावध असणारा अभ्यासक ध्वनिमुद्रणाविषयी मात्र अनेकदा निष्काळजी असतो. संगणकावर ऐकू येणारे स्वच्छ, खरखररहित मुद्रण तो मूळ म्हणून स्वीकारतो. ते कोणत्या फितीवरून, कोणत्या यंत्रावर व कोणत्या वेगाने उतरविले गेले आणि उतरविल्यावर त्यावर कोणते संस्कार झाले, हे प्रश्न विचारले जात नाहीत. या प्रश्नांचे महत्त्व मॉड्युलर सिंथेसायझरच्या मुद्रणांत सर्वांत स्पष्टपणे दिसते. त्या वाद्याचे वादन एकदा संपले म्हणजे फितीवाचून त्याचे दुसरे साधन बहुधा उरतच नाही. अमळनेरसारख्या गावी अशा वाद्याचा इतिहास घडलेला नाही. परंतु त्या इतिहासाच्या परीक्षणातून निघणारी पद्धती खानदेशच्या मौखिक परंपरेच्या मुद्रणांस जशीच्या तशी लागू पडते, हे पुढील विवेचनात दाखवावयाचे आहे.

२. स्मृती नसलेले वाद्य

रॉबर्ट मूग व हर्बर्ट ड्यूश यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत विद्युद्दाबाने नियंत्रित होणाऱ्या नादघटकांची रचना सिद्ध केली. त्याच दशकात सॅन फ्रान्सिस्को येथे डॉन बुक्ला यांनीही स्वतंत्रपणे तशाच तत्त्वावर वाद्य घडविले. या वाद्याचे घटक सुटे असतात. एक आंदोलक नाद उत्पन्न करतो. एक गाळणी त्यातील उच्च अथवा नीच अंश कमी करते. एक वर्धक त्याची तीव्रता ठरवितो. आणि चौथा घटक नादाचा उठाव, स्थैर्य व विलय यांचे नियमन करतो. हे घटक तारांनी परस्परांस जोडले म्हणजे एका घटकातून निघालेला विद्युद्दाब दुसऱ्याचे नियंत्रण करू लागतो. मूग यांच्या पद्धतीत दाब एक व्होल्टने वाढला की नाद एका सप्तकाने चढतो. हे एक सोपे प्रमाण निश्चित झाल्यामुळेच पट्ट्या, फिरत्या कळा किंवा दुसरा आंदोलक यांपैकी कोणीही वाद्यास 'वाजवू' शकतो.

या रचनेचा इतिहासदृष्ट्या महत्त्वाचा परिणाम असा की, वाद्यास स्मृती नसते. तारांची एक विशिष्ट जोडणी आणि कळांच्या विशिष्ट जागा यांतून एक नाद जन्मास येतो. तारा काढल्या की तो नाद नाहीसा होतो. जोडणीचे टिपण केले असले तरी कळेची जागा केसभर ढळल्याने निष्पत्ती निराळी होते. गायकाच्या चिजेप्रमाणे शिष्याच्या कंठात ती टिकत नाही आणि स्वरलेखनात ती मावत नाही. म्हणून मुद्रण हे या संगीताचे केवळ स्मारक नव्हे. बहुतेक वेळा ती कृती म्हणजे ते मुद्रणच होय.

मात्र मुद्रण हे निर्विकार साक्षीदार असते असे मानणेही चुकीचे ठरेल. वेंडी कार्लोस यांची 'स्विच्ड-ऑन बाख' ही १९६८ ची ध्वनिमुद्रिका मूगच्या वाद्यास जगभर कीर्ती देणारी ठरली. परंतु त्या वाद्यातून एका वेळी एकच स्वर निघत असल्यामुळे बाखची बहुस्वरी रचना आठ पट्ट्यांच्या फितीवर एकेक ओळ स्वतंत्रपणे मुद्रित करून जुळवावी लागली. श्रोत्यास एकसंध वाटणारे ते वादन प्रत्यक्षात कोणत्याही एका क्षणी घडलेलेच नव्हते. सिंथेसायझरचे जिवंत वादन संगणकात उतरवून नंतर त्यावर कापणी, जुळणी व रूपांतर करण्याची आजची पद्धत या फितीवरील कामाचीच वारस आहे. कलावंताने निर्मितीसाठी केलेले संस्कार आणि पुढे कोणी जतनासाठी केलेले संस्कार हे दोन निराळे व्यवहार आहेत. पहिला व्यवहार कृतीचाच भाग असतो. दुसरा कृतीच्या साधनावर झालेला हस्तक्षेप असतो. इतिहासकाराने दोहोंतील सीमारेषा प्रथम आखली पाहिजे.

३. अहमदाबादचा प्रयोग व गिरणीमालकांचा आश्रय

पश्चिम भारतात या वाद्याचा पहिला महत्त्वाचा प्रयोग अहमदाबाद येथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत झाला. ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या उभारणीत गौतम व गीरा साराभाई या भावंडांचा मोठा वाटा होता. त्यांची भगिनी गीता साराभाई पखवाजाच्या अभ्यासक होत्या. १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्क येथे गेल्या असता जॉन केज यांच्याशी त्यांचा परिचय झाला. केज यांनी त्यांना पाश्चात्य संगीत शिकवावे व त्यांनी केज यांना भारतीय संगीताची ओळख करून द्यावी, असा विद्याविनिमय झाला. केज यांचे सहकारी, पियानोवादक व रचनाकार डेव्हिड ट्यूडर हे १९६९ मध्ये अहमदाबादेस आले आणि त्यांनी संस्थेत मूगच्या सिंथेसायझरसह विद्युत्‌संगीताची कार्यशाळा उभी केली. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनी त्या वाद्यावर रचना केल्या. हे काम सुमारे तीन वर्षे चालले. १९७२ नंतर ते थांबले आणि फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या.

पुढे चार दशकांहून अधिक काळ लोटल्यावर ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांना या फिती संस्थेच्या अभिलेखागारात आढळल्या. त्यांचे अंकीय रूपांतर झाले, आणि निवडक रचना 'द एनआयडी टेप्स' या नावाने २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. भारतीय संगीताच्या इतिहासात विद्युत्‌संगीताचा आरंभ चित्रपटसृष्टीतून झाला, अशी जी सर्वसाधारण समजूत होती, तीस या फितींनी बाधा आणली. केर्सी लॉर्ड यांनी १९७० च्या दशकात मूगचे वाद्य मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणले, आणि चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांवर आधारलेली सिंथेसायझरची ध्वनिमुद्रिका काढली. अहमदाबादच्या फिती या दोन्हींच्या आधीच्या आहेत. एका विस्मृत कपाटातील साधनाने कालक्रम बदलावा, ही घटना मोडी दफ्तरे हाताळणाऱ्यांस परिचितच वाटेल.

येथे अमळनेरचा संदर्भ सहज येतो. साराभाई घराण्याची संपत्ती कापडगिरणीतून आलेली होती. अमळनेरातही गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी आपले धन विद्येकडे वळविले. १९१६ मध्ये स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर हे त्या दातृत्वाचे सर्वांत प्रसिद्ध फळ होय. गिरणीच्या नफ्यातून एका गावी तत्त्वचिंतनाचे केंद्र निघाले, तर दुसऱ्या गावी नादाच्या प्रयोगास जागा मिळाली. दोन्हीकडे आश्रयदात्याच्या व्यक्तिगत आवडीवर संस्थेची दिशा अवलंबून होती. आश्रय ओसरला की त्या कार्याची साधने कोणाच्या ताब्यात राहतात, हा प्रश्न म्हणूनच दोन्ही ठिकाणी सारखा महत्त्वाचा ठरतो. अहमदाबादच्या फिती वाचल्या, कारण त्या एका संस्थेच्या संग्रहात होत्या. खासगी घरात असत्या, तर त्यांचे काय झाले असते, हे सांगण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही.

४. संगणकाचा प्रवेश

संगणकाने नाद निर्माण करण्याचा प्रयत्न सिंथेसायझरपूर्वीच झाला होता. मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत संगणकाकरवी संगीत वाजवून दाखविले. परंतु मुद्रित ध्वनीचे पृथक्करण व्यवहार्य होण्यास कूली व ट्यूकी यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या जलद गणनपद्धतीची आवश्यकता होती. कोणत्याही ध्वनीत कोणकोणत्या वारंवारता किती प्रमाणात आहेत, हे त्या पद्धतीने अल्पावधीत काढता येऊ लागले. आजचे ध्वनिसंस्काराचे जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर या गणितावर उभे आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेले 'ऑडॅसिटी' हे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध झाल्यापासून पूर्वी मोठ्या प्रयोगशाळेतच शक्य असलेले काम सामान्य महाविद्यालयाच्या खोलीत होऊ लागले.

संगणकाच्या भारतीय इतिहासात अमळनेरचे नाव अनपेक्षित मार्गाने येते. २९ डिसेंबर १९४५ रोजी नोंदली गेलेली 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी अमळनेर येथे वनस्पती तूप काढीत असे. तिच्याच नावाचे संक्षिप्त रूप 'विप्रो' होय. आय. बी. एम. ही कंपनी १९७७-७८ च्या सुमारास भारतातून बाहेर पडल्यावर जी पोकळी निर्माण झाली, तिच्यात १९८० च्या दशकारंभी विप्रोने संगणकनिर्मितीस आरंभ केला. हे संगणककार्य अमळनेरात नव्हे, तर बंगळूर येथे झाले, हे विसरता कामा नये. तथापि, जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासाचा अभ्यासक तेलाच्या घाण्यापासून गणनयंत्रापर्यंतचा हा प्रवास वगळू शकणार नाही.

महाराष्ट्रात संगीताकडे मापनाच्या दृष्टीने पाहण्याची परंपरा याहून बरीच जुनी आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा तारेची लांबी मोजणे हेच मापनाचे साधन होते. १९८० च्या दशकात फ्रेंच अभियंते व संगीतज्ञ बर्नार्ड बेल यांनी गायनातील स्वरांची सूक्ष्म चढउतार नोंदविणारे यंत्र भारतात घडविले, आणि जेम्स किपन यांच्या सहकार्याने तबल्याच्या कायद्यांचे नियम मांडणारी 'बोल प्रोसेसर' ही आज्ञावली रचली. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाटक केंद्रात, म्हणजे एन. सी. पी. ए. मध्ये, सुवर्णलता राव व विम व्हान डर मेर यांनी अॅमस्टरडॅम विद्यापीठाच्या सहकार्याने रागगायनाचे संगणकीय आलेखन केले. त्या आलेखांत स्वर हा स्थिर बिंदू न राहता वाहती रेषा म्हणून दिसतो. 'मींड' व 'आंदोलन' या संज्ञा शिष्यास गुरूच्या तोंडून कळत. आता त्या डोळ्यांनाही दिसू लागल्या.

बेल यांचे नाव महाराष्ट्राच्या लोकपरंपरेशीही जोडलेले आहे. गी पॉइतव्हाँ व हेमा राईरकर यांनी जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. १९९० च्या दशकात बेल यांनी त्या ओव्यांची संगणकीय सूची तयार करण्यात व गायिकांचे आवाज मुद्रित करण्यात भाग घेतला. नादाचे यंत्र घडविणाऱ्या अभियंत्याची विद्या अशा रीतीने जात्यापाशी बसलेल्या स्त्रीच्या आवाजापर्यंत पोहोचली.

५. 'हम'ची साक्ष

जुन्या फिती ऐकताना वादनाच्या पाठीमागे एक मंद, अखंड घुमणारा नाद ऐकू येतो. यास तंत्रज्ञ 'हम' म्हणतात. घरगुती विजेची वारंवारता भारतात सेकंदाला ५० आणि अमेरिकेत ६० आवर्तने इतकी ठरलेली आहे. तिचा अंश यंत्रांतून मुद्रणात उतरतो. स्वच्छ मुद्रण हवे असणारा संस्कारक सॉफ्टवेअरच्या एका आज्ञेने हा हम पुसून टाकतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र हा कागदावरील जलचिन्हासारखा पुरावा आहे.

एक उदाहरण घ्यावे. फीत संगणकात उतरविल्यावर हमची वारंवारता ५० ऐवजी ५१ भरली, तर उतरविताना फीत मूळ वेगापेक्षा दोन टक्के जलद फिरली असावी, असे अनुमान निघते. दोन टक्के हा फरक किरकोळ वाटेल. पण सप्तकाचे १२०० समान अंश कल्पिले, तर त्या फरकाने प्रत्येक स्वर सुमारे ३४ अंशांनी चढतो. प्रमाणश्रुतीचे अंतर केवळ सुमारे २१.५ अंश आहे. म्हणजे एवढ्याशा वेगदोषाने सर्व स्वर एका प्रमाणश्रुतीहून अधिक सरकतात. सर्वच स्वर सारखे सरकत असल्याने रागातील परस्परसंबंध बिघडत नाहीत हे खरे. परंतु गायिकेची मूळ पट्टी कोणती, वाद्य कोणत्या स्वरात जुळविले होते व लय किती होती, यांविषयीची सर्व विधाने चुकीची ठरतात.

याहून सूक्ष्म प्रश्न सिंथेसायझरच्या मुद्रणांत उद्भवतो. आरंभीच्या आंदोलकांतील अर्धवाहक घटकांवर उष्णतेचा परिणाम होत असे, आणि वादन चालू असतानाच स्वर ढळत. तेव्हा फितीवर एखादा दीर्घ स्वर हळूहळू उतरताना आढळला, तर त्याची तीन कारणे संभवतात : रचनाकाराने तो हेतुपुरस्सर उतरविला, उष्णतेने वाद्य ढळले, किंवा फितीचा वेग बदलला. स्वर ढळत असता हमही त्याच प्रमाणात ढळत असेल, तर दोष फितीचा होय. हम स्थिर असून केवळ स्वर ढळत असेल, तर कारण वाद्यात अथवा वादकाच्या हेतूत शोधले पाहिजे. हम पुसलेल्या नकलेत हा निर्णय करण्याचा मार्गच बंद होतो.

या पुराव्याच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. वीजजाळ्याची वारंवारता नेहमी नेमकी ५० राहत नसे. शिवाय काही मुद्रणयंत्रांची चाल विजेच्या वारंवारतेवरच अवलंबून असते. अशा यंत्रात वीज मंदावली की फीतही त्याच प्रमाणात मंदावते, आणि पुढे ती योग्य वेगाने वाजविली असता हम पुन्हा ५० वरच येतो. स्वर मात्र चढलेले असतात. म्हणजे साक्षीदार स्वतःच त्या चुकीत सामील असतो. म्हणून हमचा पुरावा एकटा पुरेसा मानू नये. फितीच्या डब्यावरील टिपणे, वेगाची नोंद, फितीवरील जोडांच्या जागा व यंत्राची जात यांच्याशी त्याचा मेळ घातल्यावरच निर्णय करावा. डब्यावरची टिपणे टाकून देऊन केवळ ध्वनी उतरविणे म्हणजे पत्र जपून लखोटा व शिक्का फेकून देण्यासारखे आहे.

६. खानदेशच्या साधनांकरिता निष्कर्ष

वरील विवेचनाचा खानदेशशी संबंध काय, असा आक्षेप येऊ शकेल. त्याचे उत्तर बोलींच्या इतिहासात आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) खानदेशी भाषेचे नमुने कागदावर उतरविले आहेत. त्यांतून शब्द व रूपे कळतात, हेल कळत नाही. असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांचे निधन ३ डिसेंबर १९५१ रोजी झाले. त्यांची गाणी मुलाने व आप्तांनी कागदावर टिपून ठेवली होती, म्हणून १९५२ मध्ये ती महाराष्ट्रास मिळाली. योगायोगाने त्याच वर्षी अमळनेर येथे मराठी साहित्य संमेलन भरले होते. शब्द वाचले, परंतु घरोट्यावर त्या कोणत्या ढाळ्यात गात, कोठे श्वास घेत, हे कागदाने जपले नाही. पुढे संगीतकारांनी लावलेल्या चाली मधुर असतील, पण त्या बहिणाबाईंच्या नव्हेत. अहमदाबादच्या वाद्याप्रमाणेच येथेही कृती व तिचे वादन अभिन्न होते, आणि मुद्रणाच्या अभावी त्यांतील अर्धी हरपली.

पुढील पिढ्यांतील अहिराणी गीते, लग्नातील गाणी व कानुबाईच्या उत्सवातील गाणी अनेक घरांत कॅसेटींवर आहेत. त्या फिती झिजत आहेत व त्या वाजविणारी यंत्रे दुर्मिळ होत आहेत. यांचे अंकीय रूपांतर करताना ध्वनी-अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सांगितलेले तत्त्व पाळणे इष्ट आहे : पहिली प्रत कोणताही संस्कार न करता, हम, खरखर व दोषांसह जशीच्या तशी उतरवावी. नमुन्यांचे प्रमाण सेकंदाला ९६,००० व प्रत्येक नमुना २४ अंकांचा ठेवल्यास दोन पट्ट्यांच्या एका तासाच्या मुद्रणास सुमारे २०७ कोटी बाइट, म्हणजे दोन गिगाबाइटांहून थोडी अधिक जागा लागते. आजच्या काळात हा खर्च सबब म्हणून सांगता येण्याजोगा नाही. दुसरी प्रत अभ्यासासाठी करावी. तिच्यातील वेगदोष सुधारावा आणि केलेल्या प्रत्येक संस्काराची नोंद लिहून ठेवावी. तिसरी प्रत श्रोत्यांसाठी हवी तितकी स्वच्छ करावी. तिच्यावरून कलावंताने नवी रचना केली तरी हरकत नाही. मात्र ती पहिल्या प्रतीची जागा घेऊ नये.

स्वच्छ प्रतीस विरोध करण्याचे कारण नाही. तिच्यावाचून सामान्य श्रोता या साधनांकडे वळणारच नाही, आणि अहमदाबादच्या रचना श्रोत्यांपर्यंत पोहोचल्या, त्या संगणकाच्या साह्यानेच. आक्षेप इतकाच की, छापील बखर हाती आली म्हणून मूळ रुमाल टाकून द्यावयाचा नसतो. खानदेशातील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी हस्तलिखितांच्या सूचीशेजारी फितींची सूची सुरू केली, आणि तीत गाणाऱ्या व्यक्तीची संमती, गाव, दिवस, यंत्र, वेग व झालेले संस्कार असे रकाने ठेवले, तर राजवाडे यांनी कागदासाठी घालून दिलेली शिस्त ध्वनीसही लागू होईल. हे काम फिती वाजविता येत आहेत तोवरच करता येण्यासारखे आहे.